रेव्ह सी कुणाकडं आहे?

टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही एकाच शाफ्टची ड्रॉइंग. तोच पार्ट नंबर, तेच ईएन-८ मटेरियल, तेच व्यास, खाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत सहीसुद्धा त्याच माणसाची. फरक दोन ठिकाणी होता. चौकटीत रिव्हिजनच्या जागी एका कागदावर ‘बी’ होतं, दुसऱ्यावर ‘सी’. आणि सर्क्लिपची खाच एकावर टोकापासून १८ मिलिमीटरवर होती, दुसऱ्यावर साडेएकोणीसवर. दीड मिलिमीटर. वाढलेल्या नखाची कड असते तेवढं.

आम्ही २१२ शाफ्ट ‘बी’वर काढून पाठवले होते.

मी तेव्हा शिरवळजवळच्या एका लहान मशीनशॉपमध्ये क्वालिटी बघत होतो. चार सीएनसी, एक व्हीएमसी, बारा माणसं, ऑफिसात एक कम्प्युटर आणि मालकांचा लॅपटॉप. ज्या कंपनीला माल जायचा तिचं नाव इथं महत्त्वाचं नाही, चूकही तिची नव्हती. त्यांनी सुधारलेलं ड्रॉइंग वेळेत शेअर्ड फोल्डरमध्ये टाकलं होतं. नऊ दिवस ते तिथं होतं. आमच्यातल्या कुणीही ते उघडलं नव्हतं, कारण नवी फाइल आल्याची सूचना ज्या दोन जीमेलवर जायची, त्यातला एक मालकांचा होता, ज्यात न वाचलेल्या मेल हजारांनी होत्या. आणि दुसरा दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून चाकणला गेलेल्या पोराचा.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टात एकही पीस नापास नव्हता. प्रत्येक लॉटमधले पाच पीस मी स्वतः मोजलेले. खाच १८.०२, १७.९९, १८.०१. इतकं देखणं काम आम्ही वर्षभरात केलं नसेल. मापं चोख, मशीन चोख, माणूस चोख, फक्त कागद मेलेला. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही, त्यामुळं रिवर्कचा प्रश्नच नव्हता. माल परत आला, डेबिट नोट आली, शाफ्ट भंगारात गेले. त्या रात्री दहाच्या सुमारास सेटरचा फोन आला होता, तो अजून कानात आहे. दुसरा लॉट लावायचा होता. तो एवढंच म्हणाला, “साहेब, रेव्ह सी कुणाकडं हाय?”

कुणाकडं म्हणजे? सगळ्यांकडं होती. ढगात होती. लिंक असलेल्या कुणालाही दिसत होती. आणि मशीनसमोर उभ्या असलेल्या एकमेव माणसाकडं मात्र नव्हती.

दोन खंडाळे

ज्यांनी शिरवळ फक्त पुणे-बंगळूर हायवेवरून पाहिलंय, त्यांच्या लेखी ते नीरा नदीचा पूल ओलांडल्यावर आणि खंबाटकी घाट चढण्याआधी लागणारं चहाचं ठिकाण. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो. पण पिनकोड ४१२८०१, म्हणजे पोस्टाच्या दृष्टीनं पुण्याच्या कुळातला. तालुका खंडाळा, आणि खंडाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यासमोर लोणावळ्याचा घाट उभा राहतो. इथल्या प्रत्येक कारखानदाराकडं चुकीच्या खंडाळ्याला गेलेल्या पार्सलची एक तरी गोष्ट असते. एकाच नावाची दोन ठिकाणं असली की काय होतं, हे आम्हाला फाइलींच्या आधीपासून ठाऊक आहे.

या पट्ट्यात मोठे कारखाने आले तसे त्यांच्या आजूबाजूला लहान शेड उभे राहिले. शिरवळला गोदरेजचा घरगुती उपकरणांचा कारखाना आहे, तालुक्यात एशियन पेंट्सचा रंगाचा कारखाना आहे, विंगला रिटर ही सूतगिरण्यांची यंत्रं करणारी स्विस कंपनी आहे. रिटरची स्थापना १७९५ ची, मुख्यालय विंटरथूरला. म्हणजे आल्प्सच्या पलीकडं कुणीतरी एक रेघ दीड मिलिमीटर सरकवतो आणि नीरेकाठच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमधल्या टूलला तेवढंच सरकावं लागतं. पूर्वी ही रेघ टपालानं यायची. आता ती यायला एक सेकंद लागतो. वेळ लागतो तो शेडच्या दारापासून मशीनपर्यंतच्या वीस पावलांना.

शिरवळ आणि कागदाचा अस्सलपणा यांचं नातं जुनं आहे. रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरस प्रभूंना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं म्हणून १६४५ सालचं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात शिरवळच्या ठाण्यावरून आलेल्या खलित्याचा उल्लेख येतो. ते पत्र अस्सल की मागाहून केलेलं, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. म्हणजे ज्या कागदात शिरवळचा कागद येतो, तो कागद खरा का, यावरच वाद. नदीकाठी सुभानमंगळ किल्ल्याच्या उरल्यासुरल्या खुणा बघायला गेलो की मला हटकून हे आठवतं. तेव्हा निदान शिक्का, हस्ताक्षर, कागदाची जात बघून वाद घालता यायचा. आमच्या दोन पीडीएफ दिसायला जुळ्या होत्या.

जुनी दे, नवी घे

माझे पहिले वरिष्ठ पुण्यातल्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन आलेले. त्यांना आम्ही काका म्हणायचो. त्यांच्या काळात ड्रॉइंग म्हणजे अमोनिया प्रिंट. जांभळट रेघा, नाकात जाणारा उग्र वास, घडीवर फाटायला आलेला कागद. ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीत एक क्लार्क बसायचा. नवी प्रिंट हवी असेल तर आधी जुनी त्याच्या हातात द्यायची. तो तिच्यावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा, रजिस्टरात सही घ्यायचा आणि मग नव्या प्रिंटवर ‘कंट्रोल्ड कॉपी’चा शिक्का मारून ती खिडकीतून सरकवायचा. जुनी हरवली असेल तर सुपरवायझरची चिठ्ठी आणायला लागायची आणि चारचौघांत बोलणी खायला लागायची.

“त्या खिडकीचा लई राग यायचा आम्हाला,” काका सांगायचे. “पण त्या खिडकीमुळं शॉपवर एका पार्टचे दोन कागद कधी नसायचे.”

आता मला कळतं, की त्या क्लार्कचं मुख्य काम कागद देणं हे नव्हतंच. परत घेणं हे होतं.

आपल्या सरकारी कचेऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. मोडी दप्तरातले कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही रुमाल मोजतात. आलेला कागद आधी आवक बारनिशीत चढणार, गेलेला जावक बारनिशीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची जी घडी बसवली तिला पुढं लखिना पॅटर्न म्हणून नाव मिळालं, आणि त्यातली सहा गठ्ठे पद्धत कारकुनांच्या पिढ्यांनी पाठ केली. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे. त्यातला एक गठ्ठा मला फार आवडतो: नष्ट करायच्या कागदांचा. म्हणजे कागद जन्माला घालण्याइतकीच त्याला मारण्याचीही जागा नेमलेली.

क्लाउडमध्ये हा गठ्ठा नाही. नवा कागद तो क्षणात देतो, शंभर जणांना देतो, चंद्रावरही देईल. जुना परत घेत नाही. डाउनलोड झालेली, प्रिंट काढलेली, व्हॉट्सअॅपवर पुढं ढकललेली ‘बी’ कुठं कुठं जिवंत आहे, हे त्याला माहीत नसतं आणि ते त्याचं काम आहे असंही कुणी सांगितलेलं नसतं.

पेनड्राइव्हपासून ढगापर्यंत

ड्रॉपबॉक्सचा जन्म २००७ मधला. त्याचा एक संस्थापक ड्र्यू ह्यूस्टन बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसनं निघाला आणि पेनड्राइव्ह घरी विसरला, त्यातून ही कल्पना सुचली असं तो सांगतो. ही गोष्ट वाचली तेव्हा मला हसू आलं. स्वारगेट-शिरवळ एसटीत किती पेनड्राइव्ह विसरले गेले असतील! आमच्याकडं त्यातून कंपनी निघाली नाही, फक्त पुढच्या एसटीनं माणूस परत गेला.

गूगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये आलं. शिरवळच्या लहान शेडमध्ये मात्र बराच काळ राज्य होतं ते पेनड्राइव्ह, शेअरइट आणि कॅमस्कॅनरचं. मग २०२० उजाडलं. मेमध्ये दूरसंचार खात्याच्या आदेशानं वीट्रान्सफर बंद झालं. २९ जूनला ५९ चिनी अॅपवर बंदी आली, आणि टिकटॉकच्या गलक्यात कुणाच्या लक्षात आलं नाही की त्याच यादीत शेअरइट, झेंडर आणि कॅमस्कॅनरही आहेत. टिकटॉक गेल्याचं दुःख पोरांना झालं. कॅमस्कॅनर गेल्याचं दुःख आमच्या डिस्पॅचला झालं. चलनावरचा पोच शिक्का त्यानं स्कॅन करूनच पार्टीला जायचा. आधीच लॉकडाउन, अर्धी माणसं घरी, कंपन्यांचे इंजिनिअर पुण्यात घरून काम करणारे. ज्यानं त्यानं हाताला लागलं ते धरलं. एका कंपनीचं वनड्राइव्ह, दुसरीचं स्वतःचं व्हेंडर पोर्टल, तिसरी टीम्सवर फाइल टाकून मोकळी, चौथी फक्त मेलवर. बारा माणसांच्या शॉपला सहा कुलपांच्या सहा किल्ल्या सांभाळायला लागल्या. पासवर्ड ऑफिसातल्या कॅलेंडरच्या मागं लिहिलेले होते. अजूनही असतील.

या सगळ्यावर पांघरूण म्हणून व्हॉट्सअॅप.

व्हॉट्सअॅपवर कागद पाठवणाऱ्यांना शहाणपण शिकवणारे लेख मी पुष्कळ वाचलेत, आणि ते लिहिणाऱ्यांनी सेकंड शिफ्ट केलेली नसावी असं माझं मत आहे. सेटरच्या हाताला कूलंट लागलेलं असतं. तो लॉग-इन करणार नाही, पासवर्ड आठवणार नाही, फोल्डरात फोल्डर उघडणार नाही. व्हॉट्सअॅप त्याच्या अंगठ्याखाली आहे. तो तिथंच बघणार. अडचण अॅपमध्ये नाही, ड्रॉइंगचा फोटो काढून टाकण्यात आहे. फोटो पाठवताना व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं. गणपतीच्या फोटोला त्यानं काही बिघडत नाही, पण ए-थ्री कागदावरच्या टॉलरन्सचे आकडे चिरडले जातात. एकदा ०.०३ आणि ०.०८ यावरून दोन सेटरांची अर्धा तास हुज्जत झालेली मी ऐकली आहे. दोघंही एकाच फोटोकडं बघत होते. शेवटी दोघांनी मिळून ०.०५ धरलं असतं, मी पोचलो म्हणून वाचलो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर तीच फाइल जशीच्या तशी जाते. ही सोय २०१६ पासून आहे. हे एक वाक्य शॉपमध्ये रुजवायला मला तीन वर्षं लागली.

आणि ग्रुपवर कागद खाली सरकत जातो. सकाळी आठला टाकलेली ‘सी’ दुपारपर्यंत सुप्रभात, दोन वाढदिवस आणि खंबाटकीत ट्रॅफिक जॅम झाल्याच्या व्हिडिओखाली गाडली जाते. मग कुणीतरी विचारतं, “लेटेस्ट टाका की परत.” आणि ज्याच्या फोनमध्ये जे असेल ते तो टाकतो. ‘बी’ अशीच एकदा मेल्यावर पुन्हा उठली होती.

फोल्डर कुणाचं?

चाकणला गेलेल्या त्या पोराबद्दल आम्ही त्या रात्री बरंच वाईट बोललो. खरं तर सगळं फोल्डर त्यानंच उभं केलं होतं. पार्टवार, पार्टीवार, नीटनेटकं. पण ऑफिसचा म्हणून मेल आयडी नव्हता, म्हणून त्यानं स्वतःच्या जीमेलवर केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. शिरवळच काय, कोल्हापूर-सांगलीच्या शॉपमध्येही जाऊन विचारा. निम्म्या ठिकाणी कंपनीचं दप्तर कुठल्या तरी पंचविशीतल्या इंजिनिअरच्या खासगी खात्यात सापडेल, त्याच्या भाचीच्या बारशाच्या फोटोंशेजारी, त्याच १५ जीबीत.

याचा अर्थ काय ते समजून घ्यायला हवं. फाइलचा मालक तो. त्यानं पुसली तर सगळ्यांची गेली. त्याचं खातं भरलं तर नवं काही चढणार नाही. आणि दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर ते बंद करून टाकण्याचं धोरण गूगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केलं आहे. खतावण्या मुनीमजींच्या घरी ठेवून मुनीमजींना निरोप देण्यासारखं हे.

पोरगं भलं होतं. एका रविवारी गावी येताना हायवेवर उतरलं, टपरीवर मी आणि ते लॅपटॉप उघडून बसलो. तेव्हा एक गोष्ट कळली जी मी विसरणार नाही. फोल्डरची मालकी माझ्याकडं दिली म्हणून आतल्या फाइलींची मालकी येत नाही. घर नावावर केलं, भांडीकुंडी जुन्याच मालकाची. प्रत्येक फाइल निवडायची, त्यानं विनंती पाठवायची, मी ती स्वीकारायची. दोघांचे चार चार चहा झाले. शेवटी तो म्हणाला, “सर, मला वाटलं तुम्ही सगळं डाउनलोड करून ठेवलं असंल.” मला वाटत होतं त्यानं ठेवलं असेल.

त्याच वेळी अकाउंट्सचं काम कसं चालतं हे बघून मला हेवा वाटायचा. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचं असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा, हा नियम २०२२ चा. रुपयाच्या बाबतीत सरकार इतकं जागरूक. दीड मिलिमीटरच्या बाबतीत नियम आहेत ते गिऱ्हाइकाच्या दट्ट्यानं पाळायचे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये आलेला बदल दहा कामकाजाच्या दिवसांत तपासून व्हावा असं म्हटलंय. आमच्याकडं ते प्रमाणपत्र नव्हतं, पण असतं तरी गंमत बघा: आमची ‘सी’ नऊ दिवसच पडून होती. मुदतीत होतो की आम्ही!

दोन आगी

२१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झाली, वरचे मजले खाक झाले, पाच माणसं गेली. त्या धुरानंतर फाइली संगणकावर नेण्याच्या कामाला राज्यात जोर आला. कागद जळतो, ढग जळत नाही, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं.

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीतून आग लागली. तिथं जी-ड्राइव्ह नावाचं सरकारी क्लाउड होतं. प्रत्येक कर्मचाऱ्याला ३० जीबी जागा, सुमारे सव्वा लाख कर्मचारी वापरणारे. एकूण ८५८ टेराबाइट. सगळं गेलं. साठा इतका मोठा, की बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. सर्वांत जास्त फटका बसला तो कार्मिक व्यवस्थापन मंत्रालयाला, कारण तिथल्या लोकांनी आज्ञाधारकपणे सगळं काम जी-ड्राइव्हवरच ठेवलं होतं. ज्यांनी नियम मोडून काही स्वतःच्या कम्प्युटरवर ठेवलं असेल, त्यांचं तेवढं वाचलं असणार.

त्याच वर्षीच्या जुलैत गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीची मायक्रोसॉफ्टची सेवा एकाएकी थांबली. कारण युरोपीय संघाचे निर्बंध. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. इथं आग नव्हती, चोरी नव्हती, कुणी पोरगं नोकरी सोडून गेलं नव्हतं. किल्ली ज्याच्याकडं असते त्यानं ती फिरवली, एवढंच.

हे मी आमच्या त्या वेळच्या मालकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाटातून एक हार्ड डिस्क काढून दाखवली. दर अमावस्येला ते सगळं तिच्यावर उतरवून घेतात. लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर तिलाही हळदकुंकू लागतं. वरच्या बाजूला पिंजर अजून चिकटलेली होती. अमावस्या का, असं मी विचारलं नाही. महिन्यातून एकदा न चुकता आठवण करून देणारं दुसरं काही त्यांच्याकडं नव्हतं, आणि व्यवस्था म्हणून हे वाईट नाही.

मेलेली

मी ती नोकरी सोडून आता काही वर्षं झाली. या लेखासाठी पावसाळा संपताना पुन्हा तिथं गेलो. मशीन सहा झाली आहेत. ड्रॉइंगचं काम आता स्टोअर बघणाऱ्या ताईंकडं आहे. नायगावच्या बाजूच्या एका गावाहून स्कूटीवर येतात, बी.कॉम. झालेल्या. मशीनचं शिक्षण नाही, आणि माझ्या मते म्हणूनच त्यांना हे जमलं. इंजिनिअर माणूस ड्रॉइंग उघडलं की खाच बघतो. ताई आधी कोपऱ्यातलं अक्षर बघतात.

फोल्डर आता कंपनीच्या आयडीवर आहे. आत दोनच मोठी फोल्डर. एकाचं नाव ‘चालू’. दुसऱ्याचं ‘मेलेली’. नवी रिव्हिजन आली की जुनी ‘मेलेली’मध्ये जाते, पुसली जात नाही, पाच वर्षांपूर्वीच्या मालाची तक्रार आली तर तेव्हाचं ड्रॉइंग लागतं. ‘मेलेली’ उघडायची परवानगी ताईंना आणि मालकांनाच. ड्राइव्हमध्ये एकाच फाइलवर नवी आवृत्ती चढवायची सोय आहे, लिंकही तीच राहते, हे मी उत्साहानं सांगायला गेलो. ताई म्हणाल्या, “केलं होतं सर. जुन्या आवृत्त्या महिन्यानं आपोआप जातात त्याच्यात. मेलेल्याची पण राख ठेवायला लागते आपल्याला.”

मशीनपाशी टॅब लावून पाहिला होता. कूलंटचे शिंतोडे, चिप्स, आणि पत्र्याच्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात न पोचणारा वायफाय. दोन महिन्यांत तो टॅब ऑफिसात परत आला. मग ताईंनी काय केलं, तर प्रिंट सुरू केल्या. रोज, प्रत्येक शिफ्टला, ‘चालू’मधून ताजी प्रिंट, तिच्यावर तारखेचा शिक्का आणि शिफ्टचा आकडा. शिफ्ट सुटताना ती परत. मालक कुरकुरतात, क्लाउडचे पैसे भरायला लागल्यापासून कागदाचा खर्च वाढला म्हणून. खोटं नाही ते. रिमवर रिम लागते. शाफ्टचा एक लॉट भंगारात गेला तर किती रिम येतात हे त्यांना ताईंनी एकदा कॅलक्युलेटरवर दाखवलं, तेव्हापासून कुरकुर सवयीपुरती.

मी बसलो होतो तेव्हा साडेतीनची शिफ्ट बदलत होती. एक तरुण सेटर खिडकीशी आला. ऑफिस आणि शॉप यांच्यामधल्या पार्टिशनला ताईंनी खिडकी पाडून घेतली आहे, हे मला तेव्हाच दिसलं.

“ताई, हाउसिंगचं द्या.”

“सकाळचं?”

“ते मशीनवरच हाय कुठंतरी. सापडत न्हाई. तुम्ही द्या की, लावायचंय मला.”

“सकाळचं आण.”

तो गेला. पाच मिनिटं आवाज येत राहिले, कुणाला तरी विचारल्याचे, ड्रॉवर ओढल्याचे. मग आला. कागद कूलंटच्या कॅनखाली सापडला होता, गोल हिरवट डाग पडून निम्मा विरघळलेला, आणि एका कडेला वडापावचं तेल. ताईंनी तो दोन बोटांनी धरून ट्यूबलाइटखाली नेला. मापं काही वाचता येत नव्हती. कोपऱ्यातली चौकट तेवढी शाबूत होती. त्यांनी तिथलं अक्षर वाचलं, रजिस्टरशी ताडून पाहिलं, लाल पेननं आडवी रेघ मारली आणि मग नवी प्रिंट खिडकीतून सरकवली.